सभ्य आकडा

सदर कर्मचारी वर्ग तीन, पदनाम सांख्यिकी सहायक, वय वर्षे चौपन्न, उंची मध्यम, बांधा मध्यम, आवाज मध्यम. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर जुना व्रण. सेवा एकोणतीस वर्षे, विनाखंड. वर्तणूक समाधानकारक. गोपनीय अहवालात "दिलेले काम करतो" असा शेरा सलग एकोणतीस वेळा. शेरा देणारे साहेब बदलले, शेरा बदलला नाही. विवाह : निरंक. अपत्ये : निरंक. आणीबाणीच्या प्रसंगी कळवावयाची व्यक्ती : धाकटी बहीण. घरी कपबश्या दोन आहेत. त्यातली दुसरी अजून दुकानातल्या कागदात गुंडाळलेली आहे.

ऑफिसात त्यांना "सांख्यिकी" म्हणत. "सांख्यिकीकडे द्या", "सांख्यिकी आज डबा लवकर खाऊन मोकळे", असं. जगात त्यांना मामा म्हणणारं माणूस एकच होतं, बहिणीची सात वर्षांची मुलगी. तरी आपण इथे मामाच म्हणू, कारण दुसऱ्या कुठल्या हाकेला ते मान वर करत नसत.

आरोग्य कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे मामांची खोली. खोलीत दोन टेबलं. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि ते पद तेव्हापासून भरायचं राहिलं. मामा दर शनिवारी दोन्ही टेबलं पुसत. शिपायाने एकदा विचारलंही, "साहेब, ते कशाला पुसता? बसतंय कोण तिथे?"

"बसलं तर?" मामा म्हणाले. अकरा वर्षांत त्या खोलीत झालेल्या लांबलचक संभाषणांपैकी हे एक.

काम सोपं होतं. बेचाळीस केंद्रांतून महिन्याच्या पाच तारखेपर्यंत कागद येत. किती मुलांना गोवराची लस टोचली तो आकडा वर, यादीप्रमाणे किती मुलांना टोचायची होती तो आकडा खाली. भागायचं, शंभराने गुणायचं, तक्त्यात लिहायचं. भानगड होती ती खालच्या आकड्याची. यादी बारा वर्षांपूर्वी घरं मोजून केलेली होती आणि मधल्या काळात लोकांनी ऑफिसला न विचारता घरं बदलली होती. जुन्या बाजाराच्या भागात मुलंच उरली नव्हती, त्यामुळे तिथल्या नर्सने जिवाचं रान केलं तरी काम चाळीस टक्क्यांपुढे सरकत नसे. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत बरोबर उलटं. यादीत मुलं शेहेचाळीस आणि लस घेऊन गेलेली साठ. भागाकार एकशेतीस टक्के.

नव्या वसाहतीचा असा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मामांनी तो होता तसा वर पाठवायला ठेवला. साहेबांनी बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

"भागाकार, साहेब."

"शंभरातल्या एकशेतीस मुलांना लस दिलीत तुम्ही?"

"यादी जुनी आहे, साहेब."

"यादी मंजूर यादी आहे. ती चुकत नसते. अठ्ठ्याण्णव करा."

"अठ्ठ्याण्णवच का?"

साहेबांनी चष्मा काढला. ज्ञान देण्यापूर्वी ते चष्मा काढत. "शंभर लिहिलं की तपासणी येते. नव्वद लिहिलं की सभा लागते. अठ्ठ्याण्णव हा सभ्य आकडा आहे. त्याला कुणी काही विचारत नाही."

पहिल्या महिन्यात मामांना रात्रभर ते खटकलं. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळपर्यंत. मग अंगवळणी पडलं. शिवाय त्या आकड्याशी त्यांचं जरा जुळलंही असावं. त्यांनाही कुणी काही विचारत नसे.

बहिणीचा फोन रविवारी पाच वाजता येई आणि चार मिनिटं चाले. ती त्याच नव्या वसाहतीत राहायची, बसने तासाभराच्या अंतरावर. घरी पडदे शिवून द्यायची. मेहुणे बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. दोन वर्षांपूर्वी भाचीला रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचार लागू पडले, केस पुन्हा आले, पण गोळ्या चालू होत्या, आणि चौदा महिने ती दवाखान्याखेरीज घराबाहेर पडली नव्हती. आपल्या अंगावरून काही जंतू जायला नकोत म्हणून मामा तिकडे फिरकले नव्हते. हे कारण खरंच होतं. ते सोयीचंही होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून बुधवारी सकाळी साडेअकराला ऑफिसच्या फोनवर बहिणीचा आवाज आला तेव्हा मामा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"काय झालं?"

"काही झालं नाही रे दादा. काही झाल्याशिवाय फोन करायचा नाही का? डॉक्टरांकडून आलोय आत्ता. म्हणाले, शाळेत पाठवा. एकच गोष्ट म्हणाले. आधीची लस उपचारांत पुसली गेली, गोळ्या चालू आहेत तोवर हिला गोवराची लस पुन्हा देता येणार नाही, आणि गोवर झाला तर हिला तो झेपायचा नाही. आजूबाजूच्या मुलांनी घेतलेली असली तर तीच हिची लस समजा, म्हणाले. पंच्याण्णव टक्के असली तरी पुष्कळ. आता हे मी कुणाला विचारत फिरू? मग म्हटलं, आपला दादा जन्मभर दुसरं काय करतोय! आमच्या वसाहतीचं किती आहे रे?"

"अठ्ठ्याण्णव," मामा म्हणाले.

विचार करून म्हणाले असं नाही. कुणी पत्ता विचारल्यावर सांगतो तसं तोंडातून निघून गेलं.

"अगं बाई! अठ्ठ्याण्णव! दादा, तुझ्या नोकरीचा आज पहिल्यांदा उपयोग झाला बघ. सोमवारपासून पाठवते मग." मागून भाचीचा आवाज आला, "मामाला सांग, मी खिडकीजवळ बसणार!" आणि फोन बंद झाला.

मामांनी रिसीव्हर ठेवला. मग तक्ता काढला. नव्या वसाहतीच्या ओळीत अठ्ठ्याण्णव होतं, त्यांच्याच अक्षरात, सुबक. त्याच्या आधी एकशेतीस होतं आणि त्याच्याही आधी, म्हणजे वसाहतीत खरोखर, किती होतं हे त्या तीन मजली इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं.

शास्त्र त्यांना पाठ होतं. गोवर झालेलं एक मूल, आडवं यायला कुणी नसलं तर, पंधरा जणांना तो देतं. ते वर्गातून उठून गेल्यावरही त्याचा गोवर दोन तास हवेत राहतो. विसांतल्या एकोणीस मुलांनी लस घेतलेली असली तर मात्र त्याला पुढचं घर सापडत नाही. दोन-चार अंगांवरून फिरतो आणि आपोआप विझतो, आणि विसाव्या मुलाला तो आला होता हे कळतसुद्धा नाही. भाचीच्या वर्गाचा पट एकतीस. एकतिसाचे पाच टक्के म्हणजे दीड. अर्धं मूल बाकावर बसवता येत नाही, तेव्हा एक. त्या वर्गात लशीविना बसायची जागा एकच होती आणि ती भाचीची होती. दुसरं कुणी तसं असलं तर ते तिच्या जागेवर बसलेलं होतं.

फोन उचलून "तो आकडा धरू नकोस" म्हणायला हरकत नव्हती. पण पुढचा प्रश्न "मग खरा किती?" हा आला असता. तेव्हा मामांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. सहा वर्षांतली पहिली रजा. साहेब घाबरले. "तब्येत ठीक आहे ना?"

"हो."

"मग रजा कशाला?"

"मोजायचंय थोडं," मामा म्हणाले, आणि साहेबांनी हे आजाराचंच लक्षण समजून सही केली.

गुरुवारी सकाळी ते शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी फाईल पुढे सरकवली. प्रत्येक मुलाच्या अर्जावर "लसीकरण पूर्ण" या चौकटीत बरोबरची खूण होती. सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच कोनात झुकलेल्या, एका बैठकीत केलेल्या. मामांनी अक्षर ओळखलं नाही, पण सवय ओळखली.

"बाई, हे कार्डं बघून भरलंय?"

"आमचे क्लार्क भरतात. 'नाही' लिहिलं की तुमच्याकडून पत्र येतं हो."

"हो, येतं," मामा म्हणाले. त्या पत्रांखाली सही साहेबांची असे. मजकूर मामांचा.

बाईंकडून वर्गाची यादी आणि पत्ते घेऊन ते निघाले. भाची सोडून तीस घरं. एकोणतीस वर्षांत त्यांनी लाखो डोस भागले होते, पण लस घेतलेलं मूल जवळून पाहायची ही पहिलीच वेळ. ते इतर मुलांसारखंच दिसत होतं. कार्डं कुठून कुठून निघत होती: कपाटाच्या खणातून, गादीखालून, आजोबांच्या एक्सरेच्या पाकिटातून. एका आईने कार्ड हरवलं म्हणून पाचदा शपथ घेतली आणि मामांनी तिला खुर्ची दिली, कारण खुर्ची तिचीच होती आणि ती उभी होती. लोक त्यांना बसा म्हणत, पाणी देत, "तुमची मुलं किती?" विचारत. तीन दिवसांत ते जितक्या घरांत शिरले तितक्या घरांत आधीच्या दहा वर्षांत शिरले नव्हते.

पॅकिंगच्या कारखान्यामागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. वर्गातली सहा मुलं तिथली. कार्ड एकाकडेही नव्हतं. मामा नकार ऐकायची तयारी करून गेले होते. चार वाक्यं पाठही केली होती.

"लस?" एक बाई भांडी घासता घासता म्हणाली. "द्या की. कुणी विचारलंच नाही. गुरुवारी नर्सबाई बसतात म्हणे शाळेमागे. गुरुवारी आम्ही सगळ्या पाळीवर. सुट्टी आमची रविवारी."

"घर नंबर काय तुमचा?"

"नंबर कुठला आलाय! 'मागच्या खोल्या' म्हणा, पत्र पोचतं. आलंय कुठे कधी ते वेगळं."

नंबर नाही म्हणजे यादीत नाही, आणि यादीत नसलेलं मूल ऑफिसच्या हिशेबाने कधीच राहून जात नाही. पाठ केलेली चार वाक्यं मामा तशीच परत घेऊन आले.

शेवटचं नाव चष्म्याच्या दुकानदाराच्या मुलाचं. दुकानदार वाचणारा माणूस होता. मामांना त्याने गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं.

"नाही दिली. मुद्दाम नाही दिली. अहो, सरळ गोष्ट आहे. टोचली की ताप येतो, पोर दोन दिवस किरकिर करतं. बाकी सगळ्यांनी घेतलीय. मग रोग येणार कुठून? माझ्याच पोराला कशाला ताप?"

"बाकी सगळ्यांनी घेतलीय, हे कुणी सांगितलं?"

दुकानदाराने खणातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "हे बघा. नवी वसाहत, अठ्ठ्याण्णव टक्के. ऑफिसचा आकडा आहे. माझा नाही."

"माझा आहे," मामा म्हणाले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

शनिवारी संध्याकाळी बसथांब्यावर बसून त्यांनी भागाकार केला. तिसांपैकी बावीस. त्र्याहत्तर. दोनदा करून पाहिला. तो सभ्य नव्हता, पण दोन्ही वेळा तेवढाच आला.

रविवारी सकाळी बहिणीने दार उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. "दादा! फोन न करता? आणि आज? अरे, उद्याची तयारी बघायला आलास होय!"

भाची गणवेश घालूनच बसली होती. चौदा महिन्यांत ती वाढली होती. बहिणीने स्कर्टची दुमड उसवून लांबी वाढवली होती. जुन्या शिवणीची रेघ गडद दिसत होती.

"मामा, खिडकीतून काय दिसतं मला माहितीये. भिंत दिसते. तरी पण मी तिथेच बसणार."

"तू जरा आत जा," मामा म्हणाले. ती गेली. मामा उभेच होते.

"त्र्याहत्तर," ते म्हणाले.

"काय त्र्याहत्तर?"

"तिच्या वर्गाचे. तीन दिवस मोजत होतो."

"आणि अठ्ठ्याण्णव?"

"ते मी लिहिले होते."

"लिहिले म्हणजे? कुठून आले ते?"

"तसं लिहितात."

बहिणीने हातातली कात्री मशीनवर ठेवली, मग उचलून दुसरीकडे ठेवली.

"एकोणतीस वर्षं डबा घेऊन जातोस तू. तिथे करतोस काय रे?"

"भागाकार."

"बुधवारी 'मला माहीत नाही' म्हणाला असतास तर मी काही तुला खाल्लं नसतं, दादा."

"म्हणून तर मोजायला आलो."

"तीन दिवस माझ्या दारावरून गेलास! आणि इथे आम्ही दप्तर भरतोय, डब्याला नाव घालतोय. मोजून होईपर्यंत थांबलास? मधेच तुझी बस चुकली असती, तू आजारी पडला असतास, तर उद्या मी तिला पाठवलं असतं."

आतून भाची आली. तिने गणवेश बदलला होता, घडीही घातली होती. आजारी मुलांना दारामागून ऐकायची सवय लागते.

"उद्या नाही ना?"

बहिणीने तिच्या हातातली घडी घेतली.

"मग कधी?"

"माहीत नाही," मामा म्हणाले. बुधवारचं वाक्य त्यांना रविवारी सुचलं.

निघताना बहीण दारापर्यंत आली. "फोन मी करीन," एवढंच म्हणाली. चहाचं दोघांनाही सुचलं नाही.

सोमवारी मामा ऑफिसला न जाता वसाहतीच्या केंद्रावर गेले. तिथल्या नर्सबाई पन्नाशीच्या, चार वसाहती एकटीने सांभाळणाऱ्या. लशीचा थंड डबा खांद्याला अडकवून त्या निघायच्याच बेतात होत्या.

"मागच्या खोल्या मला माहीत नाहीत होय? रोज तिथून जाते मी! पण यादीबाहेरच्या पोराला टोचलं की माझे टक्के वर जातात. आधीच आजूबाजूची पोरं येतात, त्यांना काय हाकलून देऊ? मग तुमच्या ऑफिसचं पत्र. 'जादा कामाबाबत खुलासा करावा.' दोनदा केला. तिसऱ्यांदा म्हटलं, मरू दे, आपणहून येतील तेवढीच टोचते."

"ते पत्र मी लिहितो," मामा म्हणाले.

नर्सबाईंनी त्यांना खालून वर पाहिलं. "भाषा चांगली आहे तुमची."

"रविवारी याल का? त्यांना रविवारीच सुट्टी असते."

"मलाही रविवारीच असते."

"मलाही," मामा म्हणाले. त्या बोलण्यात असं काहीतरी होतं की नर्सबाईंनी डबा खाली ठेवला.

"आणि टक्के?"

"होतील तेवढे लिहीन."

"साहेब ऐकतील?"

"नाही."

"मग येते," नर्सबाई म्हणाल्या.

रविवारी पत्र्याच्या खोल्यांपुढे एक बाकडं टाकलं. मामा वही घेऊन बसले, नावं विचारली, लिहिली. लहानमोठी मिळून एक्केचाळीस मुलं झाली. वर्गातली सहा त्यातच. कार्ड हरवलेल्या आईने शपथा बाजूला ठेवून मुलाला पुढे केलं. अगदी शेवटी चष्मेवाल्याची बायको मुलाचा हात धरून आली. "यांना सांगू नका हं," ती हळूच म्हणाली. "यांचा आकड्यांवर फार विश्वास आहे." चार आठवड्यांनी दुसरा डोस. तेव्हाही सगळी आली. एक मुलगा किंचाळून पळाला, त्याला त्याच्या आजीने कारखान्याच्या फाटकात पकडला. आता वर्गात लशीविना एकच मूल होतं, आणि ते घरी बसलेलं होतं. दोन्ही रविवारी काम संपल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "बहीण इथेच राहते ना तुमची? जाऊन या की." मामा हो म्हणाले आणि उलट्या बाजूने बसथांब्याकडे गेले. फोन ती करणार होती. पाच रविवारी पाच वाजता मामा घरी फोनजवळ बसले. दोन रविवारी तर त्यासाठी वसाहतीतून धावतपळत आले.

त्या महिन्याच्या तक्त्यात नव्या वसाहतीसमोर मामांनी लिहिलं : दोनशे एकोणीस पूर्णांक सहा.

साहेबांनी चष्मा काढला, पण या वेळी ज्ञान सुचेना. "अहो, चार वर्षं राहिली तुमची. अठ्ठ्याण्णव करा."

"नाही, साहेब."

"का?"

"लोक वाचतात ते."

कारणे दाखवा पत्र निघालं. अशा पत्रांचा मजकूर करणारं ऑफिसात दुसरं कुणी नसल्यामुळे तो मामांनाच करायला सांगण्यात आला. त्यांनी केला. "सदर कर्मचाऱ्याने नव्या वसाहतीतील लसीकरण २१९.६ टक्के असे अशक्यप्राय दर्शवून कार्यालयाच्या विश्वासार्हतेस बाधा आणली आहे. याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल." एक स्वल्पविराम बदलून साहेबांनी सही केली. खुलाशात मामांनी एकच ओळ लिहिली, "यादी जुनी आहे." तो असमाधानकारक ठरला. वरिष्ठांकडे गेलेल्या तक्त्यात वसाहतीचं काम अठ्ठ्याण्णव टक्के होतं, साहेबांच्या अक्षरात, आणि त्याबद्दल त्यांना अभिनंदनाचं पत्र आलं. मामांची बदली तळमजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथे टेबल एकच आहे. सेवापुस्तकात नोंद : "प्रशासकीय सोयीस्तव. सदर कर्मचाऱ्याच्या कृतीचा कोणासही कोणताही लाभ झाल्याचे आढळून येत नाही."

दुसऱ्या डोसानंतर तिसऱ्या सोमवारी, नर्सबाईंनी बहिणीला मामांची वही दाखवल्यावर, भाची शाळेत गेली. मामांना हे नर्सबाईंकडून कळलं.